भागरतेचं ऊन

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. तलावाच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा, जो मोहाचा वृक्ष आज दोन माणसांच्या कवेत मावत नाही, तो तेव्हा मनगटाएवढा होता, एवढं मात्र सगळे सांगतात. वैनगंगेच्या खोऱ्यात झिरीटोला नावाचं गाव होतं. गाव लहान आणि तलाव मोठा. तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, पाणी मालगुजाराचं, पाण्यावर पसरलेला शिंगाडाही मालगुजाराचाच. त्या पाण्यात उभे राहणारे पाय तेवढे ढिवरांचे, पाण्यावर पोट भरणाऱ्या जातीचे.

शिंगाड्याचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना ते सांगायला हवं. वेल पाण्यावर तरंगतो, फळ पानांखाली लोंबतं आणि फळाला दोन टोकदार शिंगं असतात. खुडणारीला छातीभर पाण्यात उभं राहून एका हाताने वेल उलटा करावा लागतो आणि दुसऱ्या हाताने फळ शोधावं लागतं. पाय गाळात आणि बोटं काट्यांत. दसऱ्यापासून पौषापर्यंत ढिवरांच्या बाया सकाळी पाण्यात उतरत, त्या उन्हं कलल्यावर बाहेर येत. घरी आल्या की ओल्या लुगड्यानेच चूल पेटवत. पाय पुसायचे असतात हे त्यांना ठाऊक होतं, पण पुसायला कोरडा कपडा आणि थोडी सवड लागते.

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत. मग एखाद्या वर्षी अंगठ्याच्या नखाच्या कडेला पांढरा ठिपका दिसे. ठिपक्याचा पट्टा होई. नख जाड होई, पिवळं पडे, त्याच्याखाली कोंडा भरल्यासारखं होई, आणि शेवटी जुन्या भिंतीच्या चुन्यासारखं ते भुरभुरत गळे.

हा रोग होता. शिळ्या भाकरीवर जी बुरशी येते, तिच्याच जातकुळीतली ही नखाची बुरशी. तिला ओल आवडते आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर जायला तिला फार काही लागत नाही. पण झिरीटोल्यात त्याला रोग म्हणत नसत. ज्या बाईची नखं अशी होत, तिला म्हणत पांढऱ्या पायाची.

शब्द सगळ्या मुलखातला आहे. सून घरात आली आणि सासरा गेला, सून आली आणि बैल मेला, की लोक तिला पांढऱ्या पायाची म्हणतात. दुसरीकडे तो नुसता बोलण्यातला शब्द होता. झिरीटोल्याला त्याचा पुरावा मिळाला होता. पाय उचलून दाखवता येत होता. अशा बाईने देवळाची पायरी चढायची नाही, लग्नाच्या मांडवात यायचं नाही, असा गावाचा नेम होता. आणि ज्या वर्षी शिंगाड्याच्या पानाला किडा लागे, त्या वर्षी पंच बसत, बायांचे पाय पाटावर ठेवून पाहत, आणि जिचं नख सगळ्यांत पांढरं ठरे तिला तुडुमापलीकडच्या झोपडीत धाडत. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतांत सोडायचं दार. त्याच्या पलीकडे गावाची हद्द संपत असे, आणि गावाची जबाबदारीही.

पुरुषांचीही नखं जात. पण पांढऱ्या पायाचा असा शब्द भाषेत नव्हता, म्हणून त्यांना काही झालं आहे असं कुणी म्हणत नसे.

आणि याच बायांनी खुडलेल्या शिंगाड्याचं पीठ गावोगावच्या उपासाच्या ताटांत जाई. त्या पिठाला कधी कुणी नाव ठेवलं नाही.

या गावात भागरता नावाची ढिवरीण राहत असे. नवरा कवडू तापाने लवकर गेला होता. तिला दोन मुली, थोरली फुलवंता आणि धाकटी रेवता. भागरता फार बोलणारी नव्हती. पाण्यात सगळ्यांच्या आधी उतरायची आणि सगळ्यांच्या मागून निघायची. तिच्या स्वतःच्या पायाची दोन नखं गेलेली होती, पण विधवेच्या पायांकडे कोण पाहतो? ती मांडवात आणि देवळात तशीही जात नव्हती.

ज्या वर्षी फुलवंताचं लग्न ठरलं, त्याच वर्षी तिच्या अंगठ्याचं नख पांढरं झालं आणि त्याच वर्षी कार्तिकात पानांना किडा लागला. तीन गोष्टी एका वर्षी आल्या, एवढंच. पण पंचांना तेवढं पुरलं. पाट मांडला गेला. फुलवंताने पाय ठेवला. त्या दिवशी भागरता काय बोलली ते गोष्टीत नाही. ती बोलली असणारच, हाता-पाया पडली असणार. ऐकणाऱ्यांना ते लक्षात ठेवण्यासारखं वाटलं नाही.

फुलवंता तुडुमापलीकडे गेली. रोज भागरता भाकरी घेऊन जायची आणि तुडुमातून निघालेल्या पाण्याच्या पाटाच्या अलीकडे दगडावर ठेवायची. पलीकडे जायची मनाई होती. झोपडी मुरमाच्या उंचवट्यावर होती, जमीन खडखडीत कोरडी. फुलवंताला काही काम नव्हतं, म्हणून ती दारात बसून पाय उन्हात सोडायची. मुलगी हसरी होती. अलीकडे उभ्या आईला ती पलीकडून ओरडून सांगायची, "माय, मी तं मालकीणच झाली वो. दिसभर बसून खाणं हाय."

भागरता हसायची आणि घरी येताना पाळीवर थांबून तोंड धुऊन घ्यायची.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. श्रावणात फुलवंताला ताप भरला. झोपडीचं छप्पर गळत होतं. भागरतेने वैदाला बोलावलं, तर वैद म्हणाला, तुडुमापलीकडे मी जात नसतो. मग ती एकटीच पाण्याचा पाट ओलांडून गेली आणि मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. फुलवंता तिच्या मांडीवरच गेली.

मेल्यावरही गावाने तिला अलीकडे आणू दिलं नाही. भागरतेने तिला तिथेच आंघोळ घातली. तोंड धुतलं, हात धुतले, मग पाय. आणि पाय धुताना तिचा हात थांबला.

फुलवंताच्या अंगठ्याचं नख टोकाला पांढरं होतं. पण मुळाकडून अर्ध्यापर्यंत ते नवं होतं, गुलाबी आणि पातळ, वेलाला आलेल्या कोवळ्या पानासारखं. भागरतेने ते अंगठ्याने पुसून पाहिलं. ओलं करून पुन्हा पुसलं. रंग गेला नाही. खालून चांगलं नख वर येत होतं आणि वाईट नखाला पुढे ढकलत होतं. आणखी तेवढेच दिवस मिळाले असते तर वाईट भाग कापून टाकता आला असता, इतकं ते सरळ होतं.

देवी कोपली असती तर अर्ध्या नखापुरती कोपली नसती. हा विचार भागरतेच्या मनात तिथेच आला, आणि त्याच क्षणी तिचं रडणं आटलं, असं म्हणतात. त्या जागी दुसरंच काही बसलं. ते पुढे जन्मभर उठलं नाही.

त्या दिवसापासून भागरता पाय पाहू लागली. पाणवठ्यावर, बाजारात, देवळाबाहेर. लोक म्हणत, पोरीच्या दुःखाने बाईचं डोकं फिरलं, वर मान करून बोलत नाही. ती मोजत काहीच नव्हती. तिला एवढंच शोधून काढायचं होतं की त्या झोपडीत फुलवंताच्या पायांना काय मिळालं आणि गावात काय मिळत होतं. कोरडी जमीन मिळाली, ऊन मिळालं. तलावाचं पाणी सुटलं. आणखी एक गोष्ट सुटली, ती तिच्या लक्षात यायला थोडे दिवस लागले. नराणी सुटली होती.

आता नराणीचं सांगायला हवं. नराणी म्हणजे न्हाव्याचं नखं काढायचं लहान लोखंडी हत्यार. झिरीटोल्यात शिंगाड्याच्या पहिल्या तोड्याच्या, म्हणजे पहिल्या खुडणीच्या, सकाळी पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाची नखं पाळीवर काढत. त्याला नखउतारी म्हणत. वाढलेल्या नखाने कोवळा वेल फाटतो, तेव्हा चालीला अर्थ होता. पण तिच्यात मान शिरला. मालगुजार पाण्यात कधीच उतरत नसे, तरी पहिली नखं त्याची. त्याच्यामागून पंच, मग पुरुष, मग सवाष्णी, मग विधवा, आणि शेवटी लग्न न झालेल्या पोरी. साऱ्यांना एकच नराणी, तिला मानाची नराणी म्हणत, आणि पुढे हंगामभर नखं वाढली की तीच पुन्हा फिरे. शेवटच्या पोरीची नखं निघेपर्यंत ती धुवायची नाही आणि पुसायचीही नाही. मालकाच्या पायाचा मान शेवटच्या पायापर्यंत पोचला पाहिजे, आणि पाण्याने मान उतरतो, असं गावाचं म्हणणं होतं.

मान पोचत होता की नाही, कोण जाणे. जे पोचायचं ते पोचत होतं. पोरींपर्यंत येताना नराणी बोथट झालेली असे, सटकत असे, कातडीला लागत असे. रक्त आलं की पोरी बोट तोंडात धरत आणि तशाच पाण्यात उतरत.

भाद्रपदात एका दुपारी रेवता पाय धूत होती. भागरतेने पाहिलं. उजव्या अंगठ्याच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता.

तिने तो चिंधीने बांधला. पण गावात चिंधीच्या आतलं सगळ्यांना आधी दिसतं. एकाच घरात दोन, लोक म्हणू लागले, आता तर खात्रीच झाली. कोतवाल येऊन सांगून गेला की यंदा नखउतारी झाली की रेवताचे पाय पाटावर पाहिले जातील. तुडुमापलीकडची झोपडी अजून उभीच होती. गावाने तिचं छप्परही शाकारायला घेतलं होतं. फुलवंता होती तेव्हा ते छप्पर गळतं आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

भागरता लहानू न्हाव्याकडे गेली. लहानू बापापासून मानाची नराणी चालवत होता. गरीब माणूस, हाताने हलका, बोलण्यात मवाळ. तिने त्याला विनवलं की यंदा रेवताच्या आधी नराणी धुऊन घे, नाहीतर तिची नखं मी घरीच काढते. लहानू खाली पाहत म्हणाला, "बाई, ते माझ्या हातात नाही वो."

भागरता उठली, वाटेला लागली आणि मध्येच थबकली. लहानूने 'काहून', म्हणजे का, असं विचारलं नव्हतं. बाई नराणी धुवायला सांगते, याचं त्याला नवल वाटलं नव्हतं. ज्याला कारण ठाऊक नसतं तो विचारतो.

पहिल्या तोड्याचा दिवस उजाडला. पाळीवर मांडव पडला. मांडवाच्या कडेला मोठ्या चुलीवर पाण्याचा हंडा चढला होता, कारण पहिले शिंगाडे तिथेच उकडून मालगुजाराच्या घरी पोचवायची रीत होती. गाव जमू लागलं, तेव्हा तुडुमाच्या बाजूने भागरता येताना दिसली. डोक्यावर बांबूंचा भारा होता. तिने तो चुलीपाशी टाकला आणि पुन्हा गेली. मग खांब आणले, मग छपराचं गवत, मग दाराची ताटी. ती झोपडी उतरवून आणत होती. तिला अडवायचं तर तिच्या हातातलं लाकूड धरावं लागलं असतं, आणि त्या लाकडाला कोण शिवणार? गावाचा नेम त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या कामाला आला. तिने एकेक बांबू चुलीत सारला. ओलसर लाकूड होतं, तरी ते तेल प्यायल्यासारखं पेटलं, असं म्हणतात.

मालगुजार अमृतराव बाजेवर येऊन बसले. अंगावर शाल, पायांत नागपूरहून आणलेले बंद तोंडाचे जोडे. हे जोडे ते बारा महिने घालत. देवळात जात नसत, देवच पालखीतून त्यांच्या दारी येत असे. नखउतारीलाही त्यांच्या पायांसमोर पडदा धरायची रीत होती. मालकाचे पाय साऱ्यांनी पाहायचे नसतात, हाही मानच. लहानूने पडद्याचं एक टोक मांडवाच्या खांबाला बांधलं आणि दुसरं हातात घेतलं. तेवढ्यात भागरता रेवताचा हात धरून पुढे आली.

तिने हात जोडले, असं सगळे सांगतात. आवाजही चढवला नाही.

"मालक, नराणी तुमच्यापासून सुरू होते. मंग पाहणंबी तुमच्यापासूनच सुरू करा जी. जोडे काढा."

चुलीतला एक बांबू फाडकन फुटला. मग पंच एकदम बोलू लागले. बाईला बाजूला करा, पोरीला आधी पाटावर घ्या. अमृतरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते चतुर होते आणि त्यांना विनोद आवडत असे. त्यांनी लहानूला पडदा लावायला खुणावलं. पडदा वर गेला. त्याच्या आड जोडे खाली पडल्याचे दोन आवाज आले.

"हं, काढले," पडद्याआडून मालक म्हणाले. "झालं समाधान? का पाय चेपून देतेस?"

लोक हसले. पंच जरा जास्तच हसले. भागरता तशीच उभी राहिली आणि तिने मालकाकडे न पाहता लहानूकडे पाहिलं. फक्त पाहिलं. आणि पडदा पडला.

लहानूच्या हातून कापड सुटलं की त्याने ते सोडलं, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

मालगुजाराचे पाय उन्हात उघडे पडले. दहाच्या दहा नखं गेलेली होती. अंगठ्यांची नखं जुन्या शिंगासारखी जाड आणि वाकडी, पिवळी, काळपट, खाली पांढरा भुगा साचलेला. बोटांच्या बेचक्या भिजून पांढऱ्या पडलेल्या, कारण त्या बंद जोड्यांत वर्षानुवर्षं घाम मुरत होता आणि त्या जोड्यांनी ऊन कधी पाहिलं नव्हतं. तलावात एकदाही न उतरलेल्या माणसाच्या पायांत सगळ्या तलावाहून जास्त ओल होती. दरवर्षी नराणी त्या नखांतून निघून पुढे, खाली, खाली, थेट पोरींच्या बोटांपर्यंत जात आली होती.

मग गावातली सगळ्यांत म्हातारी, ठुमी बुढी, डोळ्यांवर हात धरून पुढे वाकली आणि म्हणाली, "अगाई, मालकाचे पाय तं साऱ्याईहून पांढरे हायेत."

अमृतरावांनी धोतराचा सोगा पायांवर ओढला. पंच घाईघाईने सांगू लागले की मालकांना उष्णतेचा विकार आहे, नखाला रोग झाला आहे, नागपूरच्या वैद्याचं औषध चालू आहे. हे त्यांनी किती सहज म्हटलं ते लक्षात घ्या. मालकाचं नख पांढरं दिसताच त्यांना रोग आठवला, वैद्य आठवला, औषध आठवलं. फुलवंताचा पाय पाटावर होता तेव्हा याच तोंडांना यातला एक शब्द सुचला नव्हता.

भागरतेने ते ऐकून घेतलं. ती म्हणाली, "मंग माझ्या पोरीलेबी रोगच होता जी." मग म्हणाली, "अन् ती बरी होत होती."

हे वाक्य ती रागाने म्हणाली की हळू म्हणाली, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. पण त्याच्यानंतर पाळीवर कुणाला मान वर करता आली नाही, यात कुणाचं दुमत नाही.

मग तिने लहानूच्या पेटीतून मानाची नराणी उचलली आणि ती उकळत्या हंड्यात टाकली. म्हणतात की हंड्यातून पांढरी वाफ उठली ती थांबेचना. मांडव दिसेनासा झाला, मोह दिसेनासा झाला, तलावही दिसेनासा झाला. वाफ विरली तेव्हा हंड्यावर हातभर पांढरा फेस आला होता, आणि तळाशी नराणी नव्या रुपयासारखी चमकत होती. भागरतेने ती चिमट्याने काढली, कोरडी केली आणि सगळ्यांत आधी रेवताची नखं काढली. मग बाकीच्या पोरींची, मग विधवांची, मग सवाष्णींची, आणि दर पायामागे नराणी पुन्हा उकळत्या पाण्यात. मानाचा क्रम त्या सकाळी उलटा झाला. कोतवालाला आपला नंबर कुठे ते कळेना, तो बिचारा दोनदा रांगेत उभा राहिला.

एवढं होईतो दिवस कलायला हवा होता. पण सूर्य पाळीच्या वर येऊन उभा राहिला तो हलला नाही. भागरतेने साऱ्यांना पाळीवर ओळीने बसवलं, पाय तलावाकडे सोडून. शेवटच्या पोरीच्या शेवटच्या बेचकीतली ओल सुकेपर्यंत ऊन तिथेच थांबलं, असं म्हणतात. मगच शिंगाडे वाहणारे डोंगे, त्या लाकडी होड्या, पाण्यात सुटले.

रेवता तुडुमापलीकडे गेली नाही. जायला झोपडीच उरली नव्हती.

अमृतरावांनी माफी मागितली, असं कुणीच म्हणत नाही. ते पुन्हा पाळीवर आले नाहीत. त्यांच्या ओट्यावर मात्र रोज दुपारी जोडे उन्हात ठेवलेले दिसत. जाता-येता बाया ते पाहत आणि पदराआड हसत.

लहानू दुसऱ्या दिवशी भागरतेच्या दाराशी आला आणि नराणी तिच्या पायांशी ठेवून बसला. मालकाची नखं तो कितीतरी वर्षं पाहत होता. आपल्या हत्याराने काय होतं आहे याचा संशयही त्याला होता. पण वतन जाईल या भीतीने तो बोलला नव्हता, आणि फुलवंता पाटावर उभी होती तेव्हाही तो तिथेच होता. हे सारं त्याने सांगितलं. भागरतेने त्याला शिव्या दिल्या नाहीत. ती म्हणाली, "मले काहून सांगतोस, लहानू? तिले सांग." आणि तुडुमाकडे बोट केलं. लहानू गेला. तिथे तो काय बोलला ते कुणाला ठाऊक नाही. पण त्यानंतर तो जिथे जाई तिथे आधी चुलीवर पाणी चढवायला लावी, आणि पाणी उकळेपर्यंत पेटी उघडत नसे.

रेवताचं नख लगेच बरं झालं नाही. गोष्टीत असलं तरी नख नखाच्या गतीनेच वाढतं. भागरता तिला दुपारी एकदा पाण्याबाहेर काढायची, बोटांच्या मधली जागा कोरड्या फडक्याने टिपायची, उन्हात बसवायची. पुढचा दसरा आला तेव्हा नख पाऊण गुलाबी होतं. त्याच्याही पुढच्या होळीला रेवता अनवाणी पायांनी मांडवात उभी राहिली, आणि सासरी गेली. सगळ्यांचीच नखं परत आली असं नाही. भागरतेची स्वतःची दोन नखं शेवटपर्यंत तशीच राहिली. तिला ती कुणापासून लपवायची नव्हती.

म्हातारपणी ती रोज पाळीवरच्या एका काळ्या दगडावर पाय सोडून बसायची. कामावरून येणाऱ्या बायांना हाका मारायची, बस वो, पाय वाळव. एका संध्याकाळी ती तिथून उठली आणि घरी पोचली नाही. तलावात गेली म्हणावं तर पाणी हललं नव्हतं. तुडुमाकडे गेली असेल, असं बहुतेकांना वाटतं. तो दगड पौषातल्या थंडीतही हाताला कोमट लागतो, असं म्हणतात.

मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, पण झिरीटोल्यात पहिल्या तोड्याच्या दिवशी आजही नखउतारी होते. आता प्रत्येक जण आपलं नेलकटर दोऱ्यात ओवून गळ्यात घालून येतो. नवऱ्याचं बायको वापरत नाही आणि आईचं मुलगी वापरत नाही. तरी चुलीवर हंडा चढतो आणि सगळी नेलकटरं त्यातून काढली जातात. नखं सरळ कापतात, कोपरे कोरत नाहीत. मग सगळं गाव पाळीवर ओळीने पाय सोडून बसतं, आणि दर घरातले जोडे, चपला, शाळेच्या पोरांचे बूट शेजारी उन्हात तोंड वासून पडलेले असतात. याला भागरतेचं ऊन खाणं म्हणतात. अलीकडे आरोग्य केंद्राची डॉक्टरीण त्या दिवशी येते, ओळीने नखं पाहते, कुणाच्या नखाचा तुकडा तपासायला नेते, कुणाला गोळ्या देते आणि बजावते की मधेच सोडू नका, नवं नख यायला वेळ लागतो. लोक मान डोलावतात. त्यांना ते आधीच ठाऊक असतं, पण डॉक्टरणीचा मान म्हणून ऐकून घेतात.

पांढऱ्या पायाची हा शब्द त्या गावात उच्चारत नाहीत. बाहेरचे पाहुणे मुलगी पाहायला येतात, बसल्या बसल्या तिच्या पावलांवर नजर टाकतात, तेव्हा घरातली एखादी बाई चहाचा कप पुढे करत शांतपणे म्हणते, "जोडे काढा जी, मोजेबी." जो काढतो त्याला चहा मिळतो. जो काढत नाही त्याला वेशीपर्यंत सोडायला माणूस जातो.

आणि उकडलेल्या शिंगाड्यांचा पहिला हंडा आता कुणा मालकाच्या घरी जात नाही. तो तुडुमापलीकडे, झोपडीच्या जागी नेतात. तिथे गावाने काही बांधलेलं नाही. मुरमाचा उंचवटा मोकळा आहे, आणि ऊन दिवसभर असतं. पोरीबाळी तिथे बसून शिंगाडे सोलतात, थट्टामस्करी करतात. पहिली ओंजळ बाजूला काढून ठेवतात, ती फुलवंताची. ठेवताना जी सगळ्यांत म्हातारी असेल ती मोठ्याने म्हणते, "बरी होत होती."

गावातल्या साऱ्या गोष्टींमागे लोक 'असं म्हणतात' लावतात. या एका वाक्यामागे लावत नाहीत.